कॉलेजचा मुलगा ड्राफ्टसाठी बघताना नक्की काय बघायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करताहेत आणि मेजर लीग सॉकर (एमएलएस) या तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या एका क्लबात त्यांना सीझनपुरती स्काउटिंगची इंटर्नशिप मिळाली आहे. काम असं की कॉलेजचे सामने बघायचे आणि डिसेंबरच्या सुपरड्राफ्टसाठी, म्हणजे क्लब पाळीपाळीने, फेरीफेरीने कॉलेजची मुलं निवडतात त्यासाठी, रिपोर्ट लिहायचे. पहिला रिपोर्ट त्यांनी दोन गोल मारणाऱ्या एका स्ट्रायकरवर लिहिला. तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: "त्यानं काय केलं ते कळलं. आपल्याकडे तो काय करील?" म्हणून ते विचारताहेत की चांगला खेळाडू ओळखायचा कसा.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. इथे एका डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी) कॉलेजात बरीच वर्षं असिस्टंट कोच होतो. गेले नऊ सीझन एका एमएलएस क्लबासाठी कॉलेजचे खेळाडू बघतो. त्या अनुभवावरून सांगतो.

चांगला खेळाडू ओळखणं हे आपलं काम नाहीच. ते कुणालाही जमतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा सामना असला की शेंगा खात बसलेला माणूसही दहा मिनिटांत सांगतो, "ह्यो पोरगा चांगलाय." आपल्याला पैसे मिळतात ते पुढच्या प्रश्नासाठी: आज या मैदानावर जे चाललंय त्यातलं किती वरच्या पातळीवर टिकेल? आणि ते आपल्याच क्लबाच्या कामाचं आहे का? तुमच्या वरिष्ठांचा शेरा कडक वाटला असेल, पण सगळं काम त्या एका ओळीत आहे.

बघण्याआधी कागद बघा. नवीन माणसं हेच विसरतात आणि मग चार तास गाडी चालवून जाऊन ज्याला आपण घेऊच शकत नाही अशा मुलावर रिपोर्ट लिहितात. पहिली गोष्ट, तो कुणाचा होमग्रोन आहे का? २००८ पासून एमएलएसमध्ये क्लबाला स्वतःच्या अकादमीतला मुलगा ड्राफ्टशिवाय थेट घेता येतो. तो मुलगा मधे कॉलेजात शिकायला गेला तरी क्लब त्याच्यावरचा हक्क राखून ठेवू शकतो. म्हणजे मैदानावरचा सगळ्यात देखणा मिडफिल्डर बऱ्याचदा आधीच दुसऱ्या कुणाचा तरी असतो. ड्राफ्टचं वजन कमी झालं त्याचं मुख्य कारण हेच. उत्तम मुलं सोळा-सतराव्या वर्षीच अकादमीतून वर जातात आणि ड्राफ्टमध्ये उरतात ती उशिरा वाढलेली, कुणाच्या नजरेतून सुटलेली किंवा बाहेरच्या देशातून शिकायला आलेली मुलं. आपलं काम या उरलेल्यांमध्येच आहे. ते कमी दर्जाचं अजिबात नाही, फक्त वेगळं आहे.

दुसरी गोष्ट, नागरिकत्व. प्रत्येक क्लबाच्या वाट्याला परदेशी खेळाडूंच्या मुळात आठच जागा येतात, आणि त्यांची क्लबाक्लबांत देवाणघेवाण चालते. कॉलेजात जर्मनीचे, नॉर्वेचे, घानाचे, जपानचे कितीतरी मुलगे खेळतात. अमेरिकन क्लबात ते ग्रीन कार्ड मिळेपर्यंत परदेशी. कुठलाही क्लब यातली एक जागा तिसऱ्या फेरीतल्या बदली फुलबॅकवर (कडेच्या बचावपटूवर) सहज खर्च करत नाही, तिथे तो ब्राझीलचा किंवा अर्जेंटिनाचा तयार खेळाडू बसवतो. त्यामुळे परदेशी मुलगा नुसता बरा असून भागत नाही, तो ठळकपणे सरस लागतो. आपल्याकडची काही मराठी मुलं आता इथल्या कॉलेजांत खेळतात, त्यांचे आईवडील मला विचारतात, म्हणून लिहून ठेवतो: न्यू जर्सीत जन्मलेला देशपांड्यांचा मुलगा आणि पुण्याहून विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा खेळाने अगदी सारखे असले, तरी ड्राफ्टच्या यादीत सारखे नसतात. यात न्याय नाही, पण नियम असाच आहे.

तिसरी गोष्ट, इयत्ता. पूर्वी ड्राफ्टला मुख्यतः शेवटच्या वर्षाची मुलं असायची. लवकर येणाऱ्यांसाठी जनरेशन आदिदासची वाट होती. त्यात लीग मुलाशी आधीच करार करते आणि त्याचा पगार क्लबाच्या बजेटमध्ये धरला जात नाही. २०२४ च्या ड्राफ्टपासून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलंही पात्र झाली. आता क्लब एखाद्याला निवडून त्याचे हक्क ठेवतो आणि मुलगा परत कॉलेजात जाऊन खेळतो. त्यामुळे "आत्ता तयार नाही, पण दीड वर्षात होईल" हे वाक्य पूर्वी निरुपयोगी होतं, ते आता रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य ठरू शकतं.

आणि चौथी गोष्ट, वय. हा धडा मी चुकून शिकलो. माझ्या दुसऱ्या सीझनमध्ये एका स्ट्रायकरच्या मी प्रेमात पडलो होतो. धिप्पाड अंगाचा, पाठीवर सेंटरबॅक (मधला बचावपटू) घेऊन वळायचा, हेडरला कुणाला ऐकायचा नाही. सीझनभरात मी त्याचे सहा सामने बघितले आणि जोर लावून शिफारस केली. क्लबाने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं. प्री-सीझन कॅम्पच्या पहिल्या आठवड्यातच सगळं उघड झालं. तो तेवीस वर्षांचा होता आणि कॉलेजात त्याच्या पाठीवर असायचे ते अठरा-एकोणीस वर्षांचे डिफेंडर. कॅम्पमध्ये तिशीतला, सातआठ सीझन काढलेला सेंटरबॅक त्याच्या मागे उभा राहिला आणि या मुलाला चेंडू वळवायला जागाच मिळेना. त्याची ताकद खरी होती. पण ती वयाची होती, तंत्राची नव्हती. हे मला जन्मतारखेवरून कळायला हवं होतं. त्याला दोन महिन्यांत घरी पाठवलं. निरोप द्यायला मी स्वतः गेलो होतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या ओळीत वय असतं, आणि त्या दिवशी त्याच्यासमोर खेळणाऱ्यांचं वयही असतं. काइल लारिनसारखा मुलगा वेगळा का, तेही यातूनच कळतं. तो १९ व्या वर्षी युकॉनमधून (कनेक्टिकट विद्यापीठातून) २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर ऑर्लंडोकडे गेला आणि पहिल्याच सीझनमध्ये १७ गोल मारले. स्वतःच्याच वयाच्या किंवा मोठ्या मुलांना तो कॉलेजात भारी पडत होता.

आता मैदानावर या.

कॉलेजचा खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत मुख्य फरक वेगाचा आहे असं म्हणतात. माझ्या मते फरक वेळेचा आहे. कॉलेजात मिडफिल्डरला चेंडू मिळाल्यावर दोन-तीन टच मारायची उसंत असते. वर एकच मिळतो, कधी तोही नाही. त्यामुळे मी चेंडू पायात आल्यावर मुलगा काय करतो ते नंतर बघतो. आधी बघतो चेंडू येण्याच्या आधीचे दोन सेकंद. मान वळते का? खांद्यावरून मागे कोण आहे ते बघतो का? अंग अर्धं उघडं ठेवून चेंडू घेतो की पाठ करून? या सवयी वरच्या पातळीवर टिकतात. तीन जणांना चकवून जाणं सहसा टिकत नाही, कारण वर तिसऱ्यापर्यंत कुणी पोचूच देत नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरातली मंगळवारची रात्र होती. पाऊस, थंडी, स्टँडमध्ये जेमतेम शंभर माणसं, त्यातली निम्मी आईवडील. मी एका विंगरसाठी गेलो होतो. विंगर बरा होता. पण वीसेक मिनिटांनी माझं लक्ष समोरच्या संघातल्या सहा नंबरकडे, म्हणजे बचावफळीच्या पुढे खेळणाऱ्या मिडफिल्डरकडे गेलं. अंगाने किरकोळ, मोजे खाली आलेले. त्याच्याकडे पास यायच्या आधी त्याची मान डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मी वहीत रेघा मारायला लागलो. पुढच्या दहा मिनिटांत त्याला चेंडू चौदा वेळा मिळाला आणि त्यातल्या बारा वेळा त्याने आधी मागे पाहिलं होतं. एकदा त्याचा पास चुकला, सरळ विरोधकाच्या पायात गेला. त्याने हात वर केले नाहीत, कुणावर ओरडला नाही. वळला आणि तीस यार्ड धावत जाऊन स्वतःच्या डीच्या कडेला तो चेंडू परत काढून घेतला. त्या सामन्याच्या बातमीत त्याचं नाव कुठेही नव्हतं. गोल नाही, असिस्ट नाही. आमच्या क्लबाने त्याला पुढे तिसऱ्या फेरीत घेतलं, आणि क्लबाच्याच दुसऱ्या फळीच्या संघातून खेळत खेळत तो वर आला. ती वही मी अजून ठेवली आहे.

म्हणून तुम्हाला एक व्यायाम सुचवतो. ज्या मुलासाठी गेलात, त्याच्यावरून पहिली वीस मिनिटं नजर काढायची नाही. चेंडू कुठे का असेना. स्ट्रायकर असेल तर आपल्या संघाचा हल्ला तुटला की तो पहिल्या तीन पावलांत काय करतो? डिफेंडर असेल तर चेंडू पलीकडच्या बाजूला असताना त्याची जागा किती वेळा बदलते? स्कोअर लक्षात नाही राहिला तरी चालेल, तो नंतर फोनवर मिळतो.

कॉलेजच्या नियमांची एक खोच लक्षात ठेवा, ती नजरेला फसवते. इथे बदली होऊन बाहेर गेलेला खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये परत आत येऊ शकतो. तुमच्या स्ट्रायकरने समजा ८१ व्या मिनिटाला गोल मारला. रिपोर्टात "शेवटपर्यंत दम टिकवला" असं लिहावंसं वाटतं. पण तो ३२ व्या मिनिटाला बाहेर गेला होता का? ६० ला पुन्हा बसला होता का? ताज्या पायांनी दमलेल्या डिफेंडरला मागे टाकणं वेगळं आणि सलग नव्वद मिनिटं धावून तेच करणं वेगळं. वर ही सोय नाही, बाहेर गेला की गेला. मी प्रत्येक रिपोर्टमध्ये आत-बाहेरची मिनिटं लिहितो. त्यातच सीझन ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच, एकेका आठवड्यात दोन सामने, त्यामुळे मंगळवारी मुलगा फिका दिसला तर शुक्रवारी तो किती खेळला होता ते आधी बघा. नुसत्या एका सामन्यावर मी कुणालाही यादीतून काढत नाही, आणि एका सामन्यावर कुणाला घालतही नाही. निदान एकदा घरच्या मैदानावर, एकदा बाहेर, आणि जमलं तर एकदा उन्हाळ्यात यूएसएल लीग टूमध्ये, सुट्टीत कॉलेजची मुलं खेळतात त्या लीगमध्ये. तिथे संघ अनोळखी असतो, कोच वेगळा असतो, आणि आपल्या कॉलेजच्या घडीबाहेर मुलगा कसा खेळतो ते कळतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचा क्लब कसा खेळतो यावर अर्धं उत्तर ठरतं, आणि ते मला माहीत नाही. समोरून दाबून खेळणारा क्लब असेल तर न धावणारा गुणी दहा नंबर (स्ट्रायकरच्या मागून खेळ रचणारा) त्यांच्या कामाचा नाही. क्लबाचा दुसरा संघ एमएलएस नेक्स्ट प्रोमध्ये असेल (मुख्यतः अशा दुसऱ्या संघांची ही लीग २०२२ ला सुरू झाली) तर कच्च्या मुलाला वाढायला जागा आहे. नसेल तर तयार मुलगाच लागेल. पगाराच्या मर्यादेत कुठल्या जागा रिकाम्या आहेत, कुठला फुलबॅक तेहतिशीचा झालाय, हे तुमच्या वरिष्ठांना विचारा. इंटर्नने हे विचारलं तर त्यांना आनंदच होईल.

शिवाय कॉलेजात मुलगा ज्या जागी खेळतो तीच जागा त्याला वर मिळेल असं नाही. कॉलेजचे कोच सगळ्यात चांगला ॲथलीट गोलाजवळ ठेवतात, कारण त्यांना शनिवारचा सामना जिंकायचा असतो. वर आल्यावर तोच मुलगा फुलबॅक होतो. युलियन ग्रेसेल प्रॉव्हिडन्स कॉलेजातून २०१७ मध्ये आठव्या क्रमांकावर अटलांटाकडे आला तो मिडफिल्डर म्हणून, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१८ ला अटलांटाने एमएलएस कप जिंकला तेव्हा तो उजव्या बाजूला विंगबॅक म्हणून खेळत होता. टेजन ब्युकॅनन सिराक्यूजचा विंगर. २०१९ ला नवव्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने घेतला, तिथे तो काही काळ फुलबॅकही खेळला, आणि पुढे बेल्जियमचा क्लब ब्रूज करून इंटर मिलानपर्यंत गेला. म्हणून रिपोर्टात "पोझिशन" या रकान्यात मी दोन नोंदी करतो: आज कुठे खेळतो, आणि आपल्याकडे कुठे खेळेल.

व्हिडिओचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण येणारच. वायस्काउट या सामन्यांच्या व्हिडिओंच्या सेवेवर बहुतेक मोठ्या कॉलेजांचे सामने मिळतात. मी आधी व्हिडिओवर चाळणी लावतो, मग प्रत्यक्ष जातो, मग परत व्हिडिओ. पण चेंडूबाहेरची हालचाल कॅमेऱ्यात सापडत नाही, सामन्याआधीचा वॉर्मअप सापडत नाही, बाकावर बसवल्यावरचा चेहरा सापडत नाही. मी पाऊण तास आधी पोचतो. वॉर्मअपमध्ये कमजोर पाय कळतो, कारण तिथे सगळे बिनधास्त मारतात.

माणसांशी बोलणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. मुलाशी थेट बोलण्याआधी त्याच्या कोचला फोन करा. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचे नियम कडक आहेत आणि आपल्या उत्साहामुळे एखाद्या पोराची पात्रता धोक्यात यायला नको. कोच स्वतःच्या खेळाडूची स्तुती करणारच, म्हणून मी त्याच्या विरोधात खेळलेल्या कोचला जास्त विचारतो: "त्याला थांबवायला तुम्ही काय ठरवलं होतं?" उत्तर "काही खास नाही" असं आलं तर ते बरंच सांगून जातं. "त्याच्या डाव्या पायावर दोघं ठेवले होते" असं आलं तर तेही. आणि ट्रेनर भेटला तर दुखापती विचारायच्या नाहीत, तो सांगू शकत नाही आणि सांगू नये. मुलगा ट्रीटमेंटला वेळेवर येतो का, एवढंच विचारावं.

आता तुमच्या रिपोर्टकडे. तुम्ही लिहिलं असणार: "दोन गोल, वेगवान, फिनिशिंग उत्तम." त्याऐवजी असं काही लिहून बघा: "वय २१, ग्रीन कार्ड नाही. पहिला गोल डिफेंडर घसरल्यामुळे, तो बाजूला ठेवतो. दुसऱ्या गोलात सेंटरबॅकच्या आंधळ्या बाजूने धाव, चेंडू सुटण्याआधी सुरू केलेली. ही धाव त्याने सामन्यात सात वेळा घेतली, चेंडू एकदाच मिळाला. ही गोष्ट वर टिकेल. पाठ गोलाकडे करून चेंडू धरणं जमत नाही, चारपैकी तीन वेळा गमावला. आपला नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) चेंडू धरून इतरांना खेळवतो, त्यामुळे त्या जागी तो बसणार नाही. दोन स्ट्रायकर खेळवले तर दुसरा म्हणून, किंवा शेवटची वीस मिनिटं समोरची फळी वर आलेली असताना. परदेशी जागा खर्च करण्याइतका नाही. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या संघासाठी विचार करावा." यात त्याची स्तुती तुमच्या रिपोर्टपेक्षा कमी आहे, पण वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. कुठल्या किमतीला, म्हणजे कुठल्या फेरीत, हे लिहायला बिचकू नका. "घ्यावा" असं मोघम लिहिलेला रिपोर्ट ड्राफ्टच्या टेबलावर कुणी उघडत नाही.

आणि तरीही चुकणार. सगळेच चुकतात. जॅक एलियट वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा सेंटरबॅक. २०१७ ला चौथ्या फेरीत ७७ व्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने घेतला, म्हणजे सगळ्या क्लबांनी मिळून त्याच्या आधी ७६ मुलं निवडली. तो त्यांचा नियमित डिफेंडर झाला आणि २०२२ च्या एमएलएस कप फायनलमध्ये त्याने दोन गोल मारले. मॅट टर्नर फेअरफील्डचा गोलकीपर, २०१६ ला कुणीच निवडला नाही. कॉलेजात त्याच्या हातून झालेला एक विचित्र गोल इंटरनेटभर फिरला होता. ट्रायल देऊन न्यू इंग्लंडमध्ये शिरला, २०२१ चा लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला, मग आर्सेनलला गेला. लीगमध्ये आजवर सर्वाधिक, १७१ गोल मारणारा ख्रिस वोन्डोलोव्स्की २००५ च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये (मुख्य ड्राफ्टात न निवडलेल्यांसाठीच्या) ४१ वा होता, तोही चिको स्टेट या डिव्हिजन टू कॉलेजातून. त्या मंगळवारच्या पावसात स्टँडमध्ये कुणीतरी बसलेलं असावं म्हणून मी ही नावं सांगतो. मोठ्या कॉलेजांचे सामने बघायला सगळेच जातात.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा: आधी होमग्रोन, नागरिकत्व, इयत्ता, वय. मग चेंडू येण्याआधीची मान आणि चेंडू गेल्यावरची पावलं. मग मिनिटं आणि समोर कोण होतं ते. मग आपल्या क्लबात जागा आणि फेरी.

एक शेवटची गोष्ट, ती कुठल्या रकान्यात बसत नाही. यादीतलं प्रत्येक नाव हा एक मुलगा आहे, आणि त्याची डिग्री बऱ्याचदा एका सेमिस्टरवर आलेली असते. २०२४ मध्ये एमएलएसच्या राखीव खेळाडूचा किमान पगार वर्षाला ७१,४०१ डॉलर होता, आणि दुसऱ्या संघाचा करार त्याहून बराच लहान असतो. ज्याला आपण "तिसऱ्या फेरीत बघू" म्हणून घेतो, तो त्यासाठी घर सोडतो. म्हणून "कदाचित" अशा मुलावर मी "नक्की" लिहीत नाही, वरून कितीही घाई असली तरी. मुलगा अभ्यासात कुठे आहे, पदवी कधी पूर्ण होईल, हेही मी लिहितो, आणि हक्क ठेवून त्याला कॉलेजात परत पाठवता येत असेल तर तसं स्पष्ट सुचवतो.

त्या स्ट्रायकरचा पुढचा सामना बाहेरच्या मैदानावर असेल तर जा. पाऊण तास आधी पोचा, वही घ्या, आणि पहिली वीस मिनिटं त्याच्याशिवाय दुसरीकडे बघू नका. मग रिपोर्ट परत लिहा आणि हवं तर नावं काढून इथे टाका, मी वाचून सांगतो.